पडद्यावरचं शिळं आभाळ

दुधाच्या पिशवीवर छापलेली तारीख असते ती पिशवी भरल्याची. म्हैस कधी पिळली, कॅन डेअरीवर किती वेळ पडून होता, टँकर कुठे रखडला, यातलं काहीच ती तारीख सांगत नाही. घरात चहा टाकणाऱ्याचं त्यावाचून अडतही नाही, कारण दूध गार ठेवलेलं असतं आणि तासाभराने त्याचं रूप पालटत नाही. अमेरिकेत छोटी विमानं आणि हेलिकॉप्टर उडवणाऱ्या हजारो वैमानिकांसमोरच्या पडद्यावर पावसाचं रंगीत चित्र असतं आणि त्याच्या कोपऱ्यात असाच एक आकडा असतो. वय, एक मिनिट. वय, तीन मिनिटं. हा आकडाही पिशवी भरल्याचा असतो. फरक इतकाच की या पिशवीत आभाळ भरलेलं असतं, आणि गडगडाटी ढगाचं रूप पालटायला दहा मिनिटं पुष्कळ होतात. 2012च्या जून महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, वैमानिकांसाठी एक इशारा काढला. त्यात म्हटलं होतं की पडद्यावर दिसणारं वय आणि चित्रातल्या पावसाचं खरं वय यांत मोठी तफावत असू शकते. अगदी टोकाच्या परिस्थितीत पाऊस पडद्यावरच्या आकड्यापेक्षा पंधरा ते वीस मिनिटांनी जुना असू शकतो. माझं म्हणणं या इशाऱ्याच्या एक पाऊल पुढचं आहे. या यंत्रणेचा दोष उशीर हा नाहीच. उशीर प्रत्येक बातमीला असतो. दोष आहे तो उशीर न दिसण्यात, आणि चित्र जितकं सुबक होत जातं तितका तो आणखी झाकला जातो.

हे चित्र येतं कुठून ते आधी पाहू. अमेरिकेत जमिनीवर सुमारे 160 मोठे हवामान रडार उभे आहेत. त्यांच्या जाळ्याला नेक्सरॅड म्हणतात आणि रडारच्या बनावटीचं नाव डब्ल्यूएसआर-88डी. त्यातला 88 म्हणजे 1988 साल आणि डी म्हणजे डॉप्लर. राष्ट्रीय हवामान सेवा, विमान वाहतुकीचं प्रशासन म्हणजे एफएए आणि हवाई दल असे तिघे मिळून ते चालवतात. उंच मनोऱ्यावरच्या पांढऱ्या घुमटाच्या आत साडेआठ मीटर व्यासाची थाळी फिरत असते. ती दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरींचा अत्यंत तोकडा ठोका सोडते आणि पावसाच्या थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी ऐकत बसते. ऐकण्याचंच काम जास्त: तासाभरातला प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा वेळ एकत्र केला तर जेमतेम सात सेकंद भरतो, उरलेला सगळा वेळ कान देण्यात जातो. थाळी आधी क्षितिजाच्या अर्धा अंश वर ठेवून एक फेरी घेते, मग थोडी वर कलते, पुन्हा फेरी, पुन्हा कल, असं करत साडेएकोणीस अंशांपर्यंत चढते. एवढं सगळं आभाळ पिंजून व्हायला वादळी हवेत साधारण साडेचार ते सहा मिनिटं लागतात, हवा स्वच्छ असेल तर दहापर्यंत. म्हणजे एका रडारच्या एका पाहणीतसुद्धा सगळं आभाळ एका क्षणाचं नसतंच. तळाचा थर आधी पाहिलेला, माथ्याचा पाच मिनिटांनी.

वैमानिकाला मात्र एका रडारचं चित्र नको असतं. त्याला तीन राज्यं ओलांडायची असतात. म्हणून जमिनीवरचे संगणक अनेक रडारची चित्रं जोडून एक मोठं चित्र तयार करतात. आपल्याकडे गोधडी शिवतात तसंच हे काम: एक तुकडा आजीच्या लुगड्याचा, एक आजोबांच्या धोतराचा, एक कालपरवाच्या परकराचा, आणि वरून धावदोरा असा की सगळं एकसंध दिसावं. शिवण्याच्या घडीला एखाद्या रडारची ताजी पाहणी हाताशी असते, तर दुसऱ्याची काही सेकंदांनी हुकते आणि त्याचा मागचाच तुकडा लावावा लागतो. गोधडी शिवून झाली की तिच्यावर वेळेचा शिक्का बसतो. मग ती विमानाकडे निघते. एक वाट उपग्रहाची, तिला वर्गणी पडते. दुसरी एफएएच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांची, ती फुकट. तिच्यात आसपासच्या प्रदेशाचं चित्र साधारण पाच मिनिटांनी नवं होतं आणि सबंध देशाचं ढोबळ चित्र पंधरा मिनिटांनी. विमान खाली असेल किंवा मध्ये डोंगर आला तर मनोऱ्याशी नजरानजर तुटते, नवं चित्र येतच नाही आणि जुनं पडद्यावर तसंच राहतं. कोपऱ्यातला आकडा शिक्क्यापासून मोजायला सुरुवात करतो. शिक्क्याच्या आधी रडारची फेरी, पाठवणी, जुळणी आणि वाट पाहणं यांत गेलेली मिनिटं त्या आकड्यात धरलेलीच नसतात.

यात कुणी खोटं बोललेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. चित्र एक मिनिटापूर्वी तयार झालं हे अक्षरशः खरं आहे. पण त्याच चित्रावर मधोमध विमानाची छोटी आकृती सरकत असते आणि ती जीपीएसवरून येते, सेकंदासेकंदाला. म्हणजे एकाच काचेवर विमान आत्ताचं आणि पाऊस मघाचा. दोन वेगवेगळ्या वेळा एकमेकींवर ठेवलेल्या आहेत आणि डोळ्याला त्यांच्यातला सांधा दिसत नाही. कागदी नकाशावर बोट ठेवून ‘आपण इथे असू’ म्हणणाऱ्याला आपण अंदाज करतोय याचं भान असतं. सरकत्या आकृतीने ते भान काढून घेतलं. आकृती पिवळ्या डागाच्या कडेकडेने जाताना दिसली की आपण पावसाच्या कडेने चाललो आहोत असंच मन म्हणतं. प्रत्यक्षात आपण पाऊस दहा मिनिटांपूर्वी जिथे होता त्या जागेच्या कडेने चाललेलो असतो.

एनटीएसबीने आपल्या इशाऱ्यात दोन अपघातांचा दाखला दिला होता. पहिला 25 मार्च 2010चा, टेनेसी राज्यातल्या ब्राउन्सव्हिलजवळचा. रुग्णाला इस्पितळात पोहोचवून एक हेलिकॉप्टर पहाटेच्या वेळी आपल्या तळावर परतत होतं. वैमानिक आणि दोन परिचारिका असे तिघे आत होते. वादळाची रांग तळाकडे सरकते आहे हे वैमानिकाला ठाऊक होतं. वादळाआधी पोहोचायचं असा त्याचा हिशोब होता. त्याला बहुधा मिळालेल्या रडारचित्रात वादळ तळापासून सुमारे सात मैल लांब होतं आणि चित्राचं वय होतं एक मिनिट. प्रत्यक्षात त्या चित्रातली परिस्थिती सुमारे पाच मिनिटांपूर्वीची होती. हेलिकॉप्टर तळाजवळ येत होतं तेव्हा वादळ तळ ओलांडत होतं. तिघेही गेले. दुसरा अपघात 19 डिसेंबर 2011चा, टेक्सासमधल्या ब्रायनजवळचा: एका इंजिनाचं पायपर विमान खराब हवेत सापडून हवेतच मोडलं आणि पाच जणांचा जीव गेला. तिथेही वैमानिकाला उपलब्ध असलेली चित्रं पडद्यावरच्या आकड्यापेक्षा काही मिनिटांनी जुनी होती. चार-पाच मिनिटांसाठी एवढं काय, असं जमिनीवर बसून वाटू शकतं. पण साधा गुणाकार करून पाहावा. ताशी 90 किलोमीटरने सरकणारं वादळ पाच मिनिटांत साडेसात किलोमीटर पुढे येतं. समोरून ताशी 280 किलोमीटरने विमान येत असेल तर दोघांमधलं अंतर त्याच पाच मिनिटांत तीस किलोमीटरने घटतं. शिवशिवीच्या खेळात राज्य असलेला पाच मिनिटांपूर्वी कुठे होता या माहितीचा जो उपयोग, तोच इथे.

बरं, वादळ केवळ सरकत नाही. नुसतं सरकत असतं तर वेग आणि दिशा धरून आत्ताची जागा काढता आली असती, आणि काही पडदे बाण दाखवून तसं करतातही. पण गडगडाटी ढग जन्मतो, माजतो आणि कोसळतो. एकट्या ढगाचं हे सगळं आयुष्य अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं. वाढत्या ढगातला वर चढणारा वारा मिनिटाला 3,000 फुटांहून अधिक वेग घेऊ शकतो. म्हणजे पंधरा मिनिटांपूर्वीच्या चित्रात जो ढग नुसतं कोबीचं गड्डं होता, त्याच्यात अजून रडारला दिसण्याजोगा थेंबही नव्हता, तो आता विमानाच्या वर कित्येक हजार फूट गेलेला असू शकतो. उलट ज्याच्या लालभडक डागाला वळसा घातला, तो तोवर विरूनही गेलेला असतो. चित्र मागे पडतं तेव्हा ते सगळीकडे सारखंच मागे पडत नाही. जिथे हवा शांत आहे तिथे जुनं चित्रही खरं असतं आणि जिथे हवा उफाळते आहे तिथेच ते सर्वांत जास्त चुकतं. नेमकी जिथे गरज, तिथेच दगा.

वेळेच्या जोडीला जागेचाही घोळ आहे. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी त्याच्याखालून वाकत जाते. अर्ध्या अंशाच्या सर्वांत खालच्या कलात सोडलेला झोतसुद्धा शंभर किलोमीटरवर साधारण दीड किलोमीटर उंच गेलेला असतो आणि तोवर टॉर्चच्या प्रकाशासारखा पसरून दीडेक किलोमीटर रुंद झालेला असतो. 185 किलोमीटरवर त्याचा मध्य साडेतीन किलोमीटरच्या वर असतो. त्याच्याखाली काय चाललंय ते त्या रडारला दिसत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडे डोंगरांमुळे झोत अडतो, तिथे ही आंधळी जागा मोठी आहे. शिवाय रडार ढग पाहत नाही, थेंब पाहतो. आणि थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने प्रतिध्वनी वाढतो. चार मिलिमीटरचा एकच थेंब एक मिलिमीटरच्या 4,096 थेंबांइतका आवाज करतो. म्हणून मोजकेच टपोरे थेंब किंवा ओल्या गारा पडदा लाल करून टाकतात, तर विमानाच्या पंखांवर बर्फ चढवू शकणारे बारीक जलकणांचे ढग पडद्यावर काळेच, म्हणजे रिकामे, दिसतात. हादरे देणारी हवा तर थेंबाविनाही असू शकते. एकच गाव दोन पडद्यांवर दोन रंगांत दिसतं तेही यामुळेच: काही सेवा सर्वांत खालच्या थराचं परावर्तन दाखवतात, काही त्या जागेच्या सगळ्या उंचीतलं सर्वांत तीव्र. रंग हा आभाळाचा गुण नाही, ते कुणीतरी केलेलं भाषांतर आहे, आणि भाषांतरकार कोण हे वैमानिकाला माहीत असावं लागतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73 मिलिमीटर. एकाच शहराची दोन टोकं. मुंबईत त्या वेळी डॉप्लर रडार नव्हता. नंतर कुलाब्याला आला, आणि 2022च्या जानेवारीत वेरावलीचा दुसरा सुरू झाला. आता पावसाळ्यात हवामान खात्याच्या रडारची चित्रं व्हॉट्सॲपवर फिरतात आणि ‘ठाण्यावर लाल दिसतोय, निघू नका’ असे निरोप येतात. चित्रावरची वेळ बरेचदा जागतिक वेळेत असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, आणि पुढे ढकलणाऱ्याने ती पाहिलेली नसते. इथे चूक झाली तर माणूस भिजतो किंवा लोकल चुकते. कॉकपिटमध्येही चूक तीच; दंड तेवढा वेगळा.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो असा की ही गोष्ट जुनी झाली, तंत्र रोज सुधारतं आहे, लवकरच उशीर उरणार नाही. सुधारतं आहे हे खरंच. 2014पासून नेक्सरॅडने सबंध पाहणीच्या मध्येच तळाच्या थराची जादा फेरी घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे खालच्या थराचं चित्र पूर्वीपेक्षा बरंच लवकर नवं होतं. थाळी न फिरवता झोत विजेच्या साहाय्याने वळवणाऱ्या रडारवर ओक्लाहोमातल्या नॉर्मनमध्ये वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. तसे रडार मिनिटाभरात आभाळ पाहून घेऊ शकतात. पण रडार जलद झाल्याने साखळीतली एकच कडी तोकडी होते. गोळा करणं, जोडणं, पाठवणं आणि पुढच्या प्रक्षेपणाची वाट पाहणं या कड्या तशाच राहतात. आणि समजा सगळं मिळून उशीर तीन मिनिटांवर आला, तर वैमानिक आज जितक्या अंतरावरून जातात तितक्याच अंतरावरून जातील का? मला तशी खात्री वाटत नाही. चित्र ताजं आहे असं एकदा ठरलं की माणूस त्याच्यावर आणखी भार टाकतो, आणि वाचलेला वेळ सुरक्षिततेऐवजी धाडसात खर्च होतो.

हा नुसता तर्क नाही. एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या वैद्यकीय संशोधन संस्थेत बेरिंजर आणि बॉल या संशोधकांनी 2004मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये वेगवेगळ्या बारकाईची नेक्सरॅड चित्रं दाखवून उड्डाण चालू ठेवायचं की नाही हे पाहिलं गेलं. जास्त बारकाईची चित्रं मिळालेल्या वैमानिकांचा कल उड्डाण पुढे रेटण्याकडे होता. वादळांना वळसा घालून किंवा त्यांच्या मधून वाट काढता येईल अशी आशा त्या बारकाईने दिली होती. याचं मला आश्चर्य वाटत नाही. मोठ्या चौकोनांच्या ढोबळ चित्रात दोन डाग एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि माणूस त्या भानगडीत पडत नाही. तेच चित्र बारीक केलं की दोन डागांमध्ये खिंड दिसू लागते. खिंड तिथे होतीही, दहा मिनिटांपूर्वी. सुबकपणा हा अचूकपणाचा पुरावा असतो असं आपण नकळत धरून चालतो; सुवाच्य अक्षरातलं उत्तर बरोबर असणार, असं पेपर तपासणाऱ्यालाही वाटतंच की. बारीक चौकोन ‘कुठे’ याचं उत्तर नेमकं देतात, ‘केव्हा’ याचं देत नाहीत, आणि वादळात केव्हा सुटलं की कुठेला अर्थ उरत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, मग जमिनीवरच्या रडारच्या नादी लागायचंच कशाला? मोठ्या विमानांच्या नाकात स्वतःचा रडार असतो, तो आत्ताचं दाखवतो; तोच खरा. खरा आहेच, आणि जवळच्या निर्णयाला त्याच्यासारखं साधन नाही. पण त्याचीही एक जुनी, महागडी गोष्ट आहे. 4 एप्रिल 1977 रोजी सदर्न एअरवेजचं 242 क्रमांकाचं डीसी-9 विमान अलाबामातल्या हंट्सव्हिलहून अटलांटाला निघालं होतं. वाटेत वादळांची जबर रांग होती. विमानाच्या नाकात रडार होता, तो चालू होता, आणि त्यात वैमानिकांना एक रिकामी वाट दिसली. विमानातल्या रडारची लहर असते तीन सेंटिमीटरच्या आसपास, कारण नाकात मोठी थाळी मावत नाही. ही आखूड लहर दाट पावसात शोषली जाते. पुढच्या पावसानेच झोत खाऊन टाकला की मागच्या वादळापर्यंत तो पोहोचत नाही, प्रतिध्वनी येत नाही, आणि पडद्यावर तिथे काहीच नाही असं दिसतं. जिथे सर्वांत वाईट होतं तिथेच पडदा मोकळा. विमान त्यात शिरलं. पाऊस आणि गारांच्या माऱ्याने दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी जॉर्जियातल्या न्यू होप इथे रस्त्यावर विमान उतरवण्याचा प्रयत्न केला. विमानातले 63 आणि जमिनीवरचे 9 असे 72 जण गेले. एनटीएसबीच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: वैमानिक विमानातल्या रडारवर नको तितके विसंबले, आणि जमिनीवर माहीत असलेली वादळाची ताजी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवायची धड व्यवस्था नव्हती.

दुसरी गोष्ट नीट वाचली तर ध्यानात येतं की आज कॉकपिटमध्ये येणारं जमिनीवरचं चित्र हे त्याच उणिवेवरचं उत्तर आहे. दहा सेंटिमीटरची लहर पावसाने फारशी शोषली जात नाही, तिला वादळाच्या मागचं वादळही दिसतं, आणि अनेक बाजूंनी पाहणारे रडार एकमेकांची आंधळी जागा भरून काढतात. विमानातला रडार आत्ताचं पण अर्धवट सांगतो. जमिनीवरचा पुरतं पण मघाचं. एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीपेक्षा वेगळ्या जातीची आहे, म्हणूनच दोन्ही जवळ असावेत. नाकावरच पंखा असलेल्या एका इंजिनाच्या बऱ्याच विमानांत असा रडार नसतोच, तिथे वैमानिकाकडे दुसरा साक्षीदार म्हणजे स्वतःचे डोळे आणि नियंत्रकाचा आवाज. ढगात शिरल्यावर यातला पहिला जातो.

तिसरा आक्षेप असा की वैमानिकांना हे सगळं प्रशिक्षणात शिकवतात, एफएएची पुस्तिकाही स्वच्छ सांगते की हे चित्र लांबचा बेत आखण्यासाठी आहे, वादळांमधून वाट काढण्यासाठी नव्हे. मग आणखी काय हवं? शिकवतात हे मान्य. पण शिकवलेलं डोक्यात असतं आणि आकडा डोळ्यासमोर. थकलेल्या माणसाच्या बाबतीत डोळ्यासमोरचं जिंकतं. मला यावर एक साधा उपाय सुचतो: पडद्याने गोधडीचं वय दाखवण्याऐवजी तिच्यातल्या सर्वांत जुन्या तुकड्याचं दाखवावं, आणि तेही कोपऱ्यात बारीक अक्षरात नव्हे, चित्र जसं शिळं होईल तसे त्याचे रंग फिके पाडून. याला यंत्र बनवणारे म्हणतील की फिकं चित्र कुणी विकत घेणार नाही आणि जास्तीच्या आकड्यांनी वैमानिक गोंधळेल. पहिलं खरं असेल. दुसरं पटत नाही, कारण गोंधळलेला माणूस लांबून जातो, आणि वादळापासून लांबून जाणं हेच तर हवं आहे.

चित्राचा खरा उपयोग किती मोठा आहे हे अंतर धरून पाहिलं की उमगतं. तीव्र वादळापासून किमान वीस मैल लांब राहा, असं एफएए सांगते. समोर शंभर मैलांवर वादळ दिसलं आणि तेव्हाच वळायचं ठरवलं, तर वीस मैल बाजूला सरकायला विमानाचं नाक साधारण अकरा अंश वळवावं लागतं आणि पुन्हा मूळ वाटेवर येईपर्यंत सगळा मिळून चारेक मैलांचा फेर पडतो. ताशी दीडशे मैलांच्या विमानाला दोन मिनिटंही नाहीत. इतक्या लांबून चित्र दहा मिनिटं जुनं असलं तरी निर्णय बदलत नाही, कारण वीस मैलांच्या अंतराच्या पोटात तेवढी चूक मावते. हाच निर्णय तीस मैलांपर्यंत लांबवला, तर चौतीस अंश वळावं लागतं, विमान पाच मिनिटांत दहा-बारा मैल पुढे गेलेलं असतं, आणि चित्रातली शिळी मिनिटं थेट उरलेल्या अंतरातून वजा होऊ लागतात. अकरा अंशांचं वळण मागे बसलेल्या प्रवाशाच्या कपातल्या कॉफीलाही कळत नाही.